चमकती बाजू वर

बू सुन-सिमनं खिडकीच्या कट्ट्यावर बटण ठेवलं, तेव्हा खोलीतल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुरुंगाच्या शिवणखात्यातल्या कुठल्याशा जुन्या सदऱ्याचं शिंपल्याचं बटण होतं ते. एक बाजू मळकट, एक चमकती. तिनं चमकती बाजू वर केली, दोक-हीच्या उशाशी येईल अशा बेतानं ते कोपऱ्यात सरकवलं आणि भांडी घासायला निघून गेली.

त्याआधी जेवताना दोक-हीनं सोयाबीनच्या कढणाची वाटी सुन-सिमच्या गादीवर पालथी केली होती.

"हात निसटला गं," ती म्हणाली होती. "वय झालं. पण तुला काय त्याचं? तू निघालीसच. आता ओली गादी काय न् कोरडी काय."

खोलीतल्या बायका खाता खाता थांबल्या आणि सुन-सिमच्या हातांकडे बघू लागल्या. मनगटाशी जाड, रुंद, नखं कायमची तुटलेली, असे ते हात. सुटकेच्या वाटेवर असलेल्या बाईला डिवचणं हा त्या खोलीतला जुनाच खेळ होता. तिनं एक थप्पड मारावी, नुसतं कुणाच्या केसांना धरावं, की तिचं जाणं रद्द. मग तीही इतरांसारखीच. जिच्यापाशी गमवायला काही उरलेलं नाही, तिला चिडवण्यात मजा नसते.

सुन-सिमचे हात हलले नाहीत. तिनं गादी उलटी केली, वाटी उचलली आणि मग ते बटण ठेवलं.

"बर्फाची झालीय ही," सो-जिन म्हणाली. सो-जिन खोलीतली सगळ्यांत लहान. नवऱ्याच्या गाडीवर टाकायची म्हणून तिनं चौथ्या मजल्यावरून फुलझाडाची कुंडी ढकलली होती. ती पडली खालून चाललेल्या पोस्टमनच्या पायावर. "मी असते तर त्याच वाटीनं ताईंचं डोकं शेकलं असतं."

"म्हणून तर तू अजून इथं मुरणार आहेस," दोक-ही म्हणाली. "लोणच्यासारखी."

सुन-सिमला समुद्र उघडायच्या आत घरी पोचायचं होतं. दुसरं काही तिला नको होतं. उन्हाळाभर बंद ठेवलेलं पाणी ऑक्टोबरात उघडतं, आणि ते उघडलं की ऐंशीच्या घरातली तिची आई पाठीला तरंगता तुंबा लावून शिंपा काढायला एकटी उतरणार, हे तिला ठाऊक होतं. एकटीनं उतरायचं नसतं. तळाशी गेलेली बाई वर आली की तोंडानं शीळ घालते. कोंडलेला दम त्या शिळेतून सुटतो आणि सोबतीण ती ऐकते. ऐकू आली नाही, तर सोबतिणीनं खाली जायचं. आईची शीळ ऐकायला आता कुणी नव्हतं. गावातल्या बायका आपला तुंबा तिच्या आसपास येऊ देत नव्हत्या. मागच्या हिवाळ्यात ती नाकातून रक्त गाळत किनाऱ्याला लागली आणि आपली जाळी आपणच ओढत घरी गेली, असं मावसबहिणीनं भेटीच्या खोलीत काचेपलीकडून सांगितलं होतं.

"तू सांग ना तिला, जाऊ नको म्हणून," सुन-सिम म्हणाली होती.

"मी सांगू? ती मला लोखंडी पट्टीनं हाणेल. तुमच्या घराण्यात तेच करतात."

जेजू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं तिचं गाव म्हणजे काळा खडक आणि वारा. आईनं तिला पोहायला शिकवलं नव्हतं, ढकलून दिलं होतं. पोरवयात पहिल्यांदा तिला खडकाच्या बगलेत अबलोन दिसली. खडकाला चिकटून बसणारी ती थोराड शिंप, जिच्यासाठी मुख्य भूमीवरचे लोक वाटेल ते मोजतात. तेव्हा तिचा दम संपत आला होता. तरी ती पट्टी घालून उचकटत राहिली. आईनं केसांना धरून वर काढलं आणि तुंब्यावर आडवी टाकून दोन थोबाडीत दिल्या. मग कमरेच्या पिशवीतून अबलोनच्या कवचाचा एक तुकडा काढून दाखवला.

"दम संपला की हा शिंपेशेजारी ठेवायचा. चमकती बाजू वर. सोडून यायचं. वर येऊन दम भरायचा."

"मग?"

"मग काय? परत जायचं."

हा तुकडा दुसरी कुणी उचलत नाही. ज्या बाईनं ठेवला तीसुद्धा, खालची शिंप हाती आल्याशिवाय, उचलत नाही. पाण्यात एवढा एकच कायदा होता आणि तो मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

लग्न झालं, नवरा जहाजाच्या गोदीत काम करायला बुसानला गेला आणि तिथलाच झाला. सुन-सिम पाण्यात जात राहिली. बेटावर जीव बायकांनी धोक्यात घालायचा आणि तराजू पुरुषांनी धरायचा, ही वाटणी तिच्या आजीच्याही आधीची होती. गावचा तराजू ज्वा गी-थेककडे होता. तो मासेमारी संघाचा प्रमुख. कुणी कुठे उतरायचं, कुणाचा माल केवढ्याचा, सगळं त्याच्या तोंडून ठरायचं.

त्याच ज्वा गी-थेकला तिनं लोखंडी पट्टीनं खांद्यावर मारलं. हाड मोडलं, उजवा हात लुळा पडला. कोर्टापुढे गोष्ट सोपी होती. बाई नुकती पाण्यातून वर आली होती. अबलोन उचकटायची पट्टी नेहमीसारखी मनगटाला बांधलेली होती. वजनावरून बाचाबाची झाली. दमलेली, गारठलेली बाई, क्षणात डोकं फिरलं. सरकारनं दिलेला वकील म्हणाला, "डोकं फिरलं, एवढंच म्हणा. बाकी माझ्यावर सोडा." तिनं तेवढंच म्हटलं. शिक्षा कमी झाली आणि तिच्या कागदांवर शिक्का बसला: आवेगी.

त्या शिक्क्यामुळेच ती डॉक्टर मेंगच्या राग आवरायच्या वर्गात गेली. मेंग तरुण होता, मृदू होता, कैद्यांना 'तुम्ही' म्हणायचा. पुरुषांच्या बाजूला आणि बायकांच्या बाजूला तो एकच वर्ग घ्यायचा आणि दोन्हींतला फरक शोधायचा.

"राग आला की आधी थांबायचं," तो म्हणाला. "नाकानं श्वास घ्या. धरून ठेवा. मनात अंक म्हणा. मग सोडा."

"डॉक्टर, हिला धरायला सांगू नका," सो-जिन म्हणाली. "जेवणाची घंटा होईल."

बायका हसल्या. सुन-सिमनं श्वास धरला होता. डॉक्टर पुढच्या मुद्द्यावर गेला, फळ्यावर काहीतरी लिहून परत वळला, तरी तिचा चेहरा तसाच होता. पाणवठ्यावरच्या दगडासारखा.

मग फुग्याची चाचणी. पडद्यावर एक फुगा. कळ दाबली की फुगतो, दर दाबाला गुण वाढतात, केव्हाही फुटू शकतो आणि फुटला की सगळे गुण गेले. कुठं थांबायचं ते आपलं आपण ठरवायचं. सो-जिननं सगळे फोडले आणि दर खेपेस "अगं आई गं" म्हणाली. दोक-हीनं सगळ्यांत जास्त गुण मिळवले.

"दुसऱ्याच्या फुग्यात हवा भरायची सवय आहे ताईंना," सो-जिन पुटपुटली. दोक-हीनं भिशी चालवून अर्ध्या बाजारातल्या बायकांना बुडवलं होतं. वर्षानुवर्षं, कधी आवाज न चढवता, प्रत्येकीच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करत.

सुन-सिमचा एकही फुगा फुटला नाही. फुगा अर्धा व्हायच्या आत ती हात काढून घ्यायची, दर वेळी जवळजवळ त्याच जागी.

"पुरुषांच्या बाजूला बहुतेकांचे फुटतात," डॉक्टर मेंग म्हणाला. "फुटले की टाळ्या पडतात. त्यांना धोका लहान दिसतो. स्त्रियांना तो मोठा दिसतो. तरीही तुम्ही इथं आहात, कारण एखाद्या क्षणी..."

"आमच्या नवऱ्यांनाही धोका लहानच दिसतो हो," दोक-ही गोड आवाजात म्हणाली. "त्याच्यावर आम्ही बसलेल्या असतो ना."

डॉक्टरही हसला. जाताना त्यानं सुन-सिमला थांबवून सांगितलं, की तिच्यातला बदल पाहून त्याला फार बरं वाटलं आणि सुटका ठरवणाऱ्या समितीपुढे तो तसं बोलणार आहे. दोक-ही दारात चपला शोधत होती. तिच्या स्वतःच्या सुटकेचा अर्ज त्याच महिन्यात फेटाळला गेला होता. तिनं चपला शोधणं थांबवलं.

बटण ठेवल्यानंतरच्या रविवारी बायका टीव्हीपुढे बसलेल्या असताना दोक-ही सुन-सिमच्या शेजारी येऊन बसली. खोलीत दोघीच होत्या.

"ते बटण कुणासाठी आहे?"

"बटण आहे. खिडकीत आहे."

"माझी आईही पाण्यात जायची, सुन-सिम. तुमच्या शेजारच्याच बंदरात. मी समुद्राला पाय लावला नाही कधी, पण त्या बायांच्या शेकोटीपाशीच वाढलेय. चमकती बाजू वर. माझ्या उशाशी. मी काय आंधळी आहे?"

सुन-सिम मोज्याला टाका घालत राहिली.

"मला विचार करायला वेळ लागतो, पण मी करते," दोक-ही म्हणाली. "मी म्हटलं, ही बाई वाटी पडल्यावर हलली नाही. शिव्या दिल्या, हलली नाही. फुगा फुटू देत नाही. मग ही आवेगी कुठनं? त्या ज्वाच्या तराजूपाशीसुद्धा शिंप ठेवली होतीस ना? केव्हा? आदल्या दिवशी?"

सुईचा हात थांबला. तेवढं दोक-हीला पुरलं.

आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आधी. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी गावानं म्हाताऱ्या बायकांसाठी राखलेलं असतं. तरुण बायका तिथं उतरत नाहीत. ज्वानं तिथं परगावचे पाणबुडे सोडले, पाठीवर हवेच्या टाक्या लावलेले. त्यांनी सगळा खडक खरवडून नेला. म्हाताऱ्या खोल पाण्याकडे सरकल्या. त्यातली एक परत आलीच नाही. सुन-सिमनं सगळ्यांसमक्ष तराजूच्या मेजावर कवचाचा तुकडा ठेवला, चमकती बाजू वर. ज्वा हसला आणि तो तुकडा राखेच्या डब्यात टाकून दिला. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला कळलं होतं. तीन-चार दिवस कुणी वजनाला पुढे उभं राहिना. मग एका दुपारी सुन-सिम पाण्यातून वर आली, दम भरून घेतला आणि सरळ मेजाकडे चालत गेली. कोर्टात त्या तुकड्याबद्दल एक बाई बोलली नाही. पुढे ज्वा डाव्या हातानं तराजू धरायला शिकला आणि सुन-सिमच्या आईसोबत उतरणारीचा माल मुद्दाम कमी तोलू लागला, तेव्हाही एक बाई बोलली नाही.

"मी कुणाला नखसुद्धा लावलं नाही," दोक-ही म्हणाली. तिचा आवाज आता गोड नव्हता. "म्हणून मी थंड डोक्याची. म्हणून मी धोकादायक. मला सोडायचं नाही. आणि तू माणसाचा हात मोडलास, तुला घरी जायचंय. कारण तुला म्हणे राग आला. या पुरुषांना रागाची दया येते गं. बाई चिडली, बिचारी, असतं बायकांचं. पण बाईनं ठरवून केलं म्हटलं की यांची झोप उडते."

"मग उडव की."

"उडवीन. समितीच्या दिवशी. नाहीतर ते उचल तिथनं. आत्ता, माझ्यासमोर. मी गप्प बसते."

सुन-सिमनं खिडकीकडे पाहिलं. हात लांब केला की पुरलं असतं. घरी आई होती, समुद्र उघडायला थोडेच दिवस राहिले होते आणि समोर एक दीड पैशाचं बटण होतं. कुठलीही शहाणी बाई उठली असती.

"उचलायचं नसतं," ती म्हणाली आणि दोरा तोडला.

दोक-हीनं पहारेकरीण बान बाईंकडे तक्रार केली, की आपल्या जिवाला धोका आहे. बान बाई आल्या, त्यांनी बटण उचललं आणि खिशात टाकलं. सुन-सिम भिंतीला टेकून उभी होती. तिचा श्वास एकदा अडकला, मग सुटला.

समितीच्या खोलीत ते बटण मेजावर ठेवलेलं होतं. मेजामागे सगळे पुरुष. बान बाई दाराशी उभ्या. अध्यक्षांनी आधी त्या दुपारीबद्दल विचारलं.

"मारताना तुमच्या मनात काय होतं?"

खरं उत्तर तिच्या जिभेवर होतं. त्या दुपारी तिचं मन कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं. ज्वाच्या सदऱ्यावरचा तेलाचा डागसुद्धा तिला आठवत होता. तिनं आईची शीळ आठवली. त्या शिळेला अलीकडे घरघर यायला लागलीय, असं मावसबहीण म्हणाली होती.

"काही नव्हतं साहेब. डोकं रिकामं होतं."

"आणि हे काय?" अध्यक्षांनी बटणाला बोट लावलं. "तुमची सोबतीण म्हणते ही धमकी आहे."

"पाण्यात दम संपला की शिंप ठेवून वर यायचं असतं. हाताशी आलेलं असलं तरी सोडायचं. नाही सोडलं तर बाई मरते. मला राग आला होता साहेब. तो मी तिथं ठेवला आणि भांडी घासायला गेले."

यातला शब्दन् शब्द खरा होता. डॉक्टर मेंगचा चेहरा उजळला. तो पुढे झुकून अध्यक्षांशी हळू बोलू लागला. राग बाहेर ठेवण्याची तिनं स्वतःच शोधलेली रीत, वर्गात सगळ्यांना शिकवण्यासारखी, असं काहीतरी.

"आणि मग?" दाराकडून बान बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी मागे पाहिलं. बान बाई समितीवर नव्हत्या. त्यांनी बोलायचं नसतं.

"वर आल्यावर?" त्या म्हणाल्या. "शिंप ठेवून वर आल्यावर पुढं काय करता?"

सुन-सिमनं त्यांच्याकडे पाहिलं. "वर येऊन शीळ घालायची. सोबतीण ऐकते."

"पुरे," अध्यक्ष म्हणाले. "ते ठीक आहे."

सुटकेच्या सकाळी बान बाईंनी खोलीच्या दारात बटण तिच्या तळहातावर ठेवलं. "तुझं सामान," त्या म्हणाल्या. "माझा प्रश्न राहिलाच."

सुन-सिम आत गेली. सो-जिननं तिला मिठी मारायचा प्रयत्न केला आणि ते जमत नाही असं पाहून सोडून दिला. दोक-ही पाठ करून बसली होती. सुन-सिमनं वाकून बटण कट्ट्यावर ठेवलं, त्याच कोपऱ्यात, चमकती बाजू वर.

दोक-हीनं मान वळवली. "तू बाहेर चाललीस. मी आत. परत यायचं म्हटलंस तर गुन्हा करून यावं लागेल."

"हो."

"मग कशाला ठेवतेस?"

"तुला झोप लागू नये म्हणून."

दोक-हीनं पुन्हा पाठ केली. मग म्हणाली, "जा. मर जा समुद्रात." पण तिनं बटण उचललं नाही. शेकोटीपाशी वाढलेली बाई, तिला ते उचलता येईना.

घरी आई चुलीपुढे बसली होती. तिनं मान वर केली नाही. "पाण्यात उतरायचा पोशाख उंदरांनी कुरतडलाय. शिवून घे. परवा समुद्र उघडतो."

"शिवते."

"तुरुंगात शिवण शिकवलं म्हणे. तेवढं तरी झालं."

समुद्र उघडला त्या दिवशी वारा पडलेला होता. गावातल्या बायका एका बाजूला उतरल्या, या दोघी दुसऱ्या बाजूला. सुन-सिम दर खेपेला आईच्या आधी वर यायची आणि तुंब्याला धरून वाट बघायची. पाणी काळं, सपाट. मग आईचं डोकं वर यायचं आणि ती घरघरती, लांब शीळ. "काय टक लावून बघतेस?" आई ओरडायची. "मी मेले तर तुला कळेलच. खाली जा."

दुपारी सगळ्याजणी जाळ्या ओढत मेजापाशी आल्या. ज्वा गी-थेक तराजूमागे बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच्या हातासारखा. पाळी आली तशी आई पुढे झाली. तिच्यामागे सुन-सिम, मनगटाला पट्टी, केसांतून पाणी गळत होतं. बोलणं थांबलं.

ज्वानं सुन-सिमच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पट्टीकडेही नाही. त्यानं आधी मेजाकडे पाहिलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग तराजूचं तबक उचलून त्याखाली. मग वाकून पायांशी, राखेच्या डब्यात.

तिथं काही नव्हतं. सुन-सिमनं काही ठेवलं नव्हतं, ठेवायला हातही उचलला नव्हता. ती नुसती उभी होती. रांगेतल्या बायका त्याचं ते शोधणं बघत होत्या आणि एकीनं, कितीतरी दिवसांनी, आपली जाळी आईच्या जाळीशेजारी टेकवली.

त्यानं आईचा माल तबकात घातला. काटा जिथं थांबायचा तिथं थांबला आणि त्यानं तोच आकडा मोठ्यानं सांगितला. सांगून झाल्यावर त्यानं पुन्हा एकदा मेजावरून हात फिरवला.

घराच्या चढावर आईनं विचारलं, "काय शोधत होता गं तो?"

"काय की," सुन-सिम म्हणाली आणि आईच्या पाठीवरचा तुंबा काढून स्वतःच्या खांद्याला लावला. "उद्याही शोधेल."